‘मारून रायला’ ते ‘इज हिटिंग’: सहावी ते आठवीच्या पोरांना इंग्रजी व्याकरण बोलतं कसं करावं

“मॅडम, हा मले मारून रायला!”

हे वाक्य माझ्या वर्गात दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडतं. तक्रार करणाऱ्या त्या पोट्ट्यानं चालू वर्तमानकाळ बिनचूक वापरलेला असतो, हे माझ्या लक्षात यायला नोकरीची पहिली सात-आठ वर्षं गेली. तोवर मी काय करायची? भांडण मिटवायची, फळ्याकडे वळायची आणि ‘कर्ता, मग इज, मग क्रियापदाला आयएनजी’ असं सूत्र लिहायची. पोरं ते सुबक अक्षरात उतरवून घ्यायची. वह्या बघून मन भरून यायचं, तोंडं मात्र बंदच.

मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सहावी ते आठवीचं इंग्रजी माझ्याकडे आहे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. २००० सालापासून राज्यात ते पहिलीपासून आलं. म्हणजे माझ्यासमोर बसणारी आठवीची पोरगी सात वर्षं इंग्रजी शिकून आलेली असते. अशाच एका हुशार पोरीला शाळेत आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, “व्हॉट डिड यू डू यस्टर्डे?” ती झटकन उभी राहिली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, “पास्ट टेन्स, सर!” पाहुणे हसले, पोरगी खाली बसली, आणि माझे कान तापले. काळ तिनं बरोबर ओळखला होता. आपल्याला कुणी काहीतरी विचारतंय, त्याला उत्तर द्यायचं असतं, हेच तिला मी कधी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून मी वर्गात एकच पथ्य पाळते. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, तो प्रश्न विचारायचा नाही. पेन हातात धरून ‘इज धिस अ पेन?’ काय विचारायचं? पेन दिसतंय की सगळ्यांना. एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी फट तयार केली की पोरं बोलतात, कारण त्यांना ते खरंच हवं असतं. खाली सांगितलेले सगळे खेळ त्या फटीवर चालतात.

खिडकीतली बातमी

चालू वर्तमानकाळापासून सुरुवात करा. आमच्याकडे तो पोरांच्या बोलीतच तयार असतो. मी फळ्यावर तीन ओळी लिहिते: ‘रायलो’ म्हणजे ‘ॲम’, ‘रायला, रायली’ म्हणजे ‘इज’, ‘रायले’ म्हणजे ‘आर’. मग मी वऱ्हाडीत बोलायचं, त्यांनी इंग्रजीत. “माय पराटी निंदून रायली.” (पराटी म्हणजे कपाशी.) “मदर इज वीडिंग.” दोन मिनिटांत वर्ग तापतो. कुणी नाक मुरडतं की शाळेत गावंढळ भाषा कशाला. आमच्याच जिल्ह्यात, वर्ध्याला, १९३७ साली शिक्षण परिषद भरली होती आणि मुलांचं शिक्षण मातृभाषेतून व्हावं हा तिच्या ठरावांपैकी एक होता. मी तर नुसतं पहिल्या पायरीला बोलीचा टेकू घेते.

त्यानंतर खेळ. माझ्या वर्गाची एक खिडकी रस्त्याकडे उघडते. दोन पोरं खिडकीशी उभी करायची, बाकीच्यांनी पाठ फिरवून कागद-पेन्सिल घेऊन बसायचं. खिडकीवाल्यांनी बाहेर जे चाललंय ते इंग्रजीत सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकून चित्र काढायचं. “अ वुमन इज कॅरिंग ग्रास.” “टू डॉग्ज आर स्लीपिंग अंडर द बंडी.” बंडी म्हणजे बैलगाडी. ती बंडीच राहू द्या, तिला कार्ट करायची घाई नको. आधी आठ-दहा क्रियापदं मात्र फळ्यावर हवीत, नाहीतर खिडकीवाले ‘मॅन, सायकल, मॅडम ते काय म्हणते?’ इथंच अडकतात.

खरी गंमत चित्र अपुरं पडलं की सुरू होते. माणूस बसलाय की उभा आहे, हे कळल्याशिवाय हात कसा चालणार? मग पाठमोऱ्या वर्गातून आपोआप येतं, “ही सिटिंग?” इथं थांबवायचं, ‘इज’ उचलून पुढे आणायचा, “इज ही सिटिंग?” असं सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. ‘इज’ पुढे गेला की प्रश्न होतो, हा नियम पोरांना त्या क्षणी हवा असतो. तासाच्या सुरुवातीला फळ्यावर लिहून दिला असता तर त्याचं त्यांना काहीच पडलं नसतं. रस्त्यावर कुणीच नसेल तर मी शाळेतल्याच चार पोरांना बाहेर पाठवते आणि मनात येईल ते करा म्हणते. त्यांना सांगावं लागत नाही.

एक खड्डा आहे, तो आधीच बुजवा. आपण “समजून रायलं”, “पाहिजे हून रायलं” असं सर्रास म्हणतो, त्यामुळे पोरं “आय ॲम अंडरस्टँडिंग”, “आय ॲम वॉन्टिंग” म्हणतात. नो, लाइक, वॉन्ट, नीड, अंडरस्टँड या पाच जणांना मी ‘न रायणारे’ असं नाव ठेवलंय. भिंतीवर त्यांची चिठ्ठी लावलेली आहे. कुणी चुकलं की वर्गच ओरडतो, “न रायणारा, न रायणारा!”

एकच टोपी

साध्या वर्तमानकाळात पोरांचा जीव जातो तो ‘एस’वर. ‘ही गो’, ‘शी गो’ असंच म्हणतात, आणि नियम सांगितला की उलट्या बाजूनं ‘डझ शी गोज’ सुरू होतं. प्रमाण मराठीत तो जातो, ती जाते. आमच्या बोलीत मात्र तो बी जाते आणि ती बी जाते. इंग्रजीतही तसंच, ही गोज, शी गोज. हे सांगितलं की पोरांचे डोळे चमकतात. आपल्या बोलण्यासारखं इंग्रजीत काही असेल, याची त्यांना सवयच नसते.

खेळासाठी एक गांधी टोपी लागते. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमातली एक आमच्या कपाटात पडूनच होती. तीन पोरं समोर उभी करायची. एक ‘शी’, एक ‘गो’, एक ‘टू द फील्ड’. ‘गो’च्या डोक्यावर टोपी, म्हणजे तो ‘गोज’. आता प्रश्न करायचाय, म्हणून चौथा ‘डू’ येऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहतो. त्याला ‘डझ’ व्हायचंय, पण टोपी तर एकच आहे! तो ‘गोज’च्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घालतो. ‘गोज’ बोडका होतो, म्हणजे पुन्हा ‘गो’. “डझ शी गो टू द फील्ड?” हे एकदा झालं की नंतर वर्षभर कुणी ‘डझ शी गोज’ म्हणालं तर मी फक्त डोक्यावर हात ठेवते. पोरं स्वतःच सुधारतात. भूतकाळात ‘डिड यू वेन्ट’ येतं तेव्हाही टोपी तीच.

टोपी झाली की शोधाशोध. प्रत्येकाला सहा चौकटींचा कागद द्यायचा. घरी शेळी असलेला, सकाळी पाचला उठणारा, रविवारी कापूस वेचाईला जाणारा, कारलं आवडणारा, मामाच्या गावाला बसनं जाणारा, चुलीवर चहा करता येणारा. पोरांनी वर्गभर फिरून विचारायचं, “डू यू हॅव अ गोट?” उत्तर ‘येस, आय डू’ आलं तरच चौकटीत नाव लिहायचं. एका नावाला एकच चौकट, नाहीतर पोरं जिवलग मित्राकडे जाऊन सहाही चौकटी भरून आणतात. चौकटी तुमच्या गावच्या करा. ‘हू प्लेज द पियानो’ असल्या छापील चौकटी आमच्याकडे काय कामाच्या?

पण हा खेळ इथं थांबवला तर अर्धाच झाला. ‘एस’ तर अजून आलाच नाही! आता खाली बसून प्रत्येकानं सांगायचं, “प्रणय हॅज थ्री गोट्स. ही गेट्स अप ॲट फाइव्ह.” दुसऱ्याबद्दल सांगायची वेळ आली की टोपी आठवते. मी पहिली दोन वर्षं हा दुसरा भाग वेळ नाही म्हणून गाळत होते, आणि पोरांना ‘एस’ येत नाही म्हणून चिडत होते.

बकरी कोणाची?

भूतकाळासाठी जगभर खेळला जाणारा एक खेळ आहे. चोरी झाली, दोघांवर संशय, दोघांनी बाहेर जाऊन ‘आम्ही तेव्हा कुठं होतो’ याची एक गोष्ट रचायची, मग वर्गानं एकेकाला आत बोलावून उलटतपासणी करायची. दोघांच्या उत्तरात फरक सापडला की ते हरले. मीही तो तसाच खेळवला. शाळेची घंटा, म्हणजे रुळाचा तुकडा, चोरीला गेला, पोलीस आले वगैरे. पोरं खूश. मागच्या बाकावर बेड्यावरची, म्हणजे भटक्या-विमुक्तांच्या वस्तीवरची, एक पोरगी बसली होती. खेळात कुणीतरी “पोलिस, पोलिस” ओरडलं आणि दोघा-चौघांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. तिनं दप्तरावर डोकं ठेवलं, ते तास संपेपर्यंत वर केलं नाही.

इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. कायदा १९५२ साली गेला. शिक्का गावाच्या नजरेतून गेला नाही, हे मला माहीत होतं, तरी खेळ निवडताना आठवलं नाही. तेव्हापासून माझ्या वर्गात चोरी नाही आणि पोलीसही नाहीत. आता आमच्याकडे बकरी शिरते. काल संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान कोणाच्या तरी बकरीनं शाळेच्या परसबागेतली मेथी फस्त केली. फाटक उघडं कोणी ठेवलं? खेळ तोच, व्याकरण तेच. आणि खरं सांगते, जास्त रंगतो, कारण परसबागेचं फाटक उघडं राहतंच.

कसा खेळवायचा ते सांगते. दोघे बाहेर जातात, त्यांना पाच मिनिटं. तेवढ्यात आत वर्गानं प्रश्न तयार करायचे. फळ्यावर मी फक्त प्रश्नाची तोंडं लिहिते, ‘वेअर वेअर यू’, ‘व्हॉट डिड यू’, ‘हू वॉज विथ यू’, ‘व्हॉट वेअर यू डूइंग व्हेन’. पुढचं पोरांनी. पहिल्या वर्षी प्रश्न फार ढोबळ यायचे. म्हणून मी शिकवलं, बारीक विचारा. काय खाल्लं, ताटात आधी काय वाढलं, कोण कुठं बसलं होतं, कुत्रं भुंकलं का. एकदा दोघांनी सांगितलं, आम्ही मावशीकडे जेवलो. एक म्हणतो, “वी एट भाकर अँड बेसन.” दुसरा म्हणतो, “वी एट वरण-भात.” वर्गानं टेबलं बडवली. पण दुसरा गडी हार मानणारा नव्हता. म्हणाला, “देअर वॉज नो लाइट. आय डिड नॉट सी!” लाईट नव्हती, ताटात काय होतं दिसलं नाही. सुटकेसाठी त्यानं नकारार्थी भूतकाळ इतका अचूक वापरला की मी त्याला निर्दोष सोडलं.

या खेळाआधी आठवडाभर ‘ईडी’चे उच्चार करून घ्या, तेही पायांनी. वर्गाच्या तीन भिंती, ट, ड आणि इड. मी शब्द म्हणायचा, पोरांनी त्या भिंतीकडे पळायचं. शेतीनं इथं माझं काम सोपं केलंय. पिक्ट, वॉश्ट, कुक्ट ट-च्या भिंतीला. प्लाउड, कॅरिड, क्लीन्ड ड-च्या भिंतीला. प्लांटेड, वीडेड, वेटेड इड-च्या भिंतीला, कारण मूळ शब्दच ट किंवा ड-नं संपतो आणि त्याला आणखी एक ड जोडायला तोंडात मधे जागा लागते. गळ्यावर बोट ठेवून मूळ शब्दाचा शेवटचा आवाज काढायला सांगा. गळा थरथरला नाही तर ट, थरथरला तर ड. ‘पिकेड’, ‘वॉशेड’ असं वाचायची खोड यानं जाते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर कापूस फुटला की माझा वर्ग निम्मा होतो. मायबापासोबत पोरं वेचाईला जातात, नाहीतर धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात. म्हणून कुठलाही खेळ दोन दिवसांवर नेऊ नका. कालचा आरोपी आज धुऱ्यावर असतो. चाळीस मिनिटांत सुरू, चाळीस मिनिटांत संपला, असाच खेळ निवडा. आणि गैरहजर पोरगं परत आलं की त्याच्यासाठी वर्गाकडे फट आयती तयार असते. “वेअर वेअर यू? हाऊ मेनी किलोज डिड यू पिक? हू वेन्ट विथ यू?” पूर्वी मी अशा पोराला ‘का आला नाहीस’ म्हणून दरडावायची. आता वर्ग त्याची मुलाखत घेतो. त्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त सांगण्यासारखं त्याच्याकडेच असतं.

लाकडी बैल

तुलना शिकवायला तान्ह्या पोळ्याइतका चांगला मुहूर्त नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून मिरवतात. शाळा उघडली की सगळ्यांना बैल घेऊन यायला सांगायचं, व्हरांड्यात रांग लावायची. “माय बुल इज टॉलर दॅन युअर बुल.” “युअर बुल इज टॉलर, बट माइन इज फास्टर.” मग चाकं खरंच फिरवून बघायची. छोट्या शब्दाला ‘इआर’, लांबड्याला ‘मोअर’, हे मी सांगत नाही. कुणीतरी ‘ब्युटिफुलर’ म्हणतंच. ते तोंडात मावत नाही म्हणून सगळे हसतात, तेव्हा ‘मोअर’ काढून द्यायचा. फक्त ‘कॉस्टलिएस्ट’च्या वाटेला जाऊ नका. मोठ्या बैलांच्या किमती हजारांत असतात. गेल्या वर्षी ‘द ओल्डेस्ट बुल’ ठरला तो एका पोराच्या आजोबांचा, एक शिंग तुटलेला, रंग उडालेला. तो पोरगा एरवी वर्गात तोंड उघडत नाही. त्या दिवशी त्यानं ‘दॅन’ची नऊ वाक्यं केली. मी मोजली.

बाजाराचा खेळ सगळ्यांना ठाऊक असतो, त्यावर फार बोलत नाही. एवढंच, की दुकानदाराकडे काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसू देऊ नका. यादी पाठीमागे लपवली तरच “डू यू हॅव एनी सांबार?” हा प्रश्न खरा होतो. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.) ‘एनी’ आणि ‘सम’ तिथंच बसतात. ‘हाऊ मच’ आणि ‘हाऊ मेनी’मधला गोंधळ मात्र मराठीतून येतो, आपल्याकडे दोन्हीला ‘किती’. मोजता येतं त्याला मेनी, मापावं लागतं त्याला मच, एवढं पुरतं. लिंबं मोजतो, तेल मापतो.

‘ऑन, अंडर, बिहाइंड’साठी दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या कागदावर शेत, विहीर, कडुनिंब, बंडी. त्यानं सांगायचं, दुसऱ्यानं काढायचं. आपण झाडाखाली म्हणतो, ‘खाली’ मागून येतं, इंग्रजीत ते पुढे उभं राहतं. शेवटी दोन चित्रं शेजारी ठेवली की विहीर बंडीत गेलेली असते, आणि चूक कोणाची यावर जे भांडण होतं तेही इंग्रजीतच व्हायला हवं, असा माझा आग्रह.

चुका कधी सांगायच्या

पोरगं बोलत असताना मधे तोडू नका. हे लिहिणं सोपं, करणं फार कठीण. मला अजूनही जीभ चावून बसावं लागतं. मी हातात एक वही धरते, कानावर आलेली वाक्यं टिपते आणि शेवटची सात मिनिटं राखून ठेवते. फळ्यावर पाच वाक्यं लिहायची, तीन चुकलेली, दोन बरोबर, नावं कुणाचीच नाहीत. कोणती बरोबर ते जोडीजोडीनं ठरवायचं. बरोबरची दोन का ठेवायची? ज्याचं वाक्य बरोबर निघालं ते पोरगं मनातल्या मनात ओळखतं आणि दुसऱ्या दिवशी जरा पुढच्या बाकावर सरकतं.

लाजाळू पोरांना सरळ वर्गासमोर उभं करू नका. आधी सगळ्यांनी मिळून म्हणायचं, मग शेजाऱ्याशी, मग चौघांत, आणि वर्गासमोर तेव्हाच, जेव्हा ते स्वतः हात वर करेल. वाक्य लांब असेल तर शेपटाकडून बांधा. “टू द फील्ड.” “गो टू द फील्ड.” “शी गो टू द फील्ड.” “डझ शी गो टू द फील्ड?” पुढून सुरुवात केली की पोरांचा दम मधेच संपतो. शेपटाकडून बांधलं की प्रत्येक वेळी ती ओळखीच्या जागी येऊन थांबतात. ज्या पोरांच्या घरची भाषा वेगळीच आहे, त्यांना माझा ‘रायला’चा टेकू उपयोगाचा नसतो. त्यांच्यासाठी मी हातवारे आणि मूकाभिनय वाढवते. आणि अधूनमधून त्यांच्या भाषेत हेच कसं म्हणतात ते त्यांनाच विचारते. तेव्हा वर्गात उत्तर ठाऊक नसलेली मी एकटी नसते, पण सगळ्यात उघडी पडलेली मीच असते.

गोंगाट होणार. आमचं छत टिनाचं, शेजारी गणिताचा तास. त्या सरांशी मी सरळ ठरवून घेतलंय, खेळ आठवड्यातून दोनदाच, शक्यतो शेवटच्या तासाला, आणि हवा बरी असेल तर कडुनिंबाखाली. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते, तेव्हा पहिलाच तास बाहेर घ्यायचा. साडेनऊनंतर व्हरांडाही तापतो.

तोंडी परीक्षा मी एका दिवसात उरकत नाही. रोज चार पोरं, प्रत्येकी दोन मिनिटं, बाकीचे लिहीत असतात तेव्हा. मी तीन प्रश्न विचारते आणि मग त्यानं मला दोन विचारायचे. मार्क निम्मे विचारण्याला. माझ्याबद्दल त्यांना खरंच माहीत नसलेलं काहीतरी विचारायचं, एवढीच अट. मागच्या आठवड्यात सहावीतल्या एकीनं बराच वेळ छताकडे बघून विचारलं, “मॅडम, डिड यू… डिड यू… फेल?” मी म्हटलं, “येस. इन मॅथ्स. इन क्लास नाइन.” तिनं लगेच दुसरा प्रश्न टाकला, “डिड युअर मदर बीट यू?”